कुठे बसून

दवाखान्यातल्या यास्नाने वही दिली,
पोरगी माझ्या धाकटीच्या वयाची.
सात दिवस, म्हणाली, तोंडात जाईल ते ते लिहा, एदुविनाबाई.
किती वाजता. काय. किती. कुठे बसून. कोणाबरोबर.
आणि खोटं लिहू नका,
रक्तातली साखर चहाडी करते.

सोमवार.
पहाटे पाच. माते, कडूच. किती?
किटली गार होईपर्यंत.
सव्वासात, शाळेचं स्वयंपाकघर. मीठ बघितलं, अर्धा चमचा.
आठ दहा. पुन्हा मीठ.
पावणेनऊ. रोसामेल म्हणाली अळणी आहे,
म्हणून तिच्यासाठी बघितलं, मग माझ्यासाठी.
साडेदहा. घेवडा शिजला का ते दाताखाली धरून.
सहा दाणे. आठ धर.
एक वाजता एकशे चाळीस ताटं वाढली.
तीन वाजता पातेल्याची खरवड,
उलथन्यावरूनच.

कुठे बसून —
इथे पेन अडला.

मंगळवार. वरीलप्रमाणे.
शिवाय अर्धं सफरचंद, उष्टं.
पहिलीतल्या एलियासने खिशातून काढून दिलं,
त्याच्या पडलेल्या दातांची फट
फोडीवर जशीच्या तशी.
कोणाबरोबर, या रकान्यात
या आठवड्यात पहिल्यांदा नाव लिहिलं.

गुरुवार.
उकडलेल्या भाज्या, एक वाटी.
हे खोडलंय ते दिसू दे.
खरं म्हणजे दोन मिलकाओ, आत डुकराची चरबी,
आर्तेमिओच्या घरी.
त्याची रात्र जागवायला साठ माणसं,
बटाटे किसून किसून बोटांची सालं निघाली.
मेलेल्याच्या घरी वाढलेल्याला
नाही म्हणायची रीत आमच्या चिलोएत नाही,
आणि वाढणारी मीच होते.
त्याच्या चुलीशी, भिंतीला पाठ लावून खाल्ले.
टेकून म्हणजे बसून का?
यास्नाला विचारायचं.

शुक्रवार. मासळीचा रस्सा, चमचा, चमचा, चमचा.
आज भांडी घासताना बघितलं :
लाकडी चमच्याची कड एका बाजूने झिजलीय.
एकवीस वर्षं.
पोरांना वाढते त्या डावाची कड
अजून गोल आहे.

शनिवारी शाळा नाही.
मीठ बघायचं कोणासाठी?
दुपारी दोनपर्यंत चूल पेटवली नाही.
मग पाव, मोरीशी, खाडीकडे तोंड करून.
ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या.
किती पाव, ते मोजायचं राहिलं.

रविवारी मात्र त्या रकान्यासाठी म्हणून खुर्ची ओढली.
खुर्चीवर लोकरीच्या गुंड्या होत्या, त्या खाली ठेवल्या.
समोर वाटी ठेवली. बसले.
हात मांडीवर ठेवायचे की टेबलावर, कळेना.
समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे,
आणि ते मागच्या वर्षीचं आहे,
हे मला रविवारी कळलं.
सूप निवलं तरी मी बसलेलीच.
एक वाटी, पूर्ण.
कुठे बसून : खुर्चीवर, असं मोठ्या अक्षरात लिहिलं.
मधे एकदा उठले होते, मिठासाठी,
ते नाही लिहिलं.

यास्नाने पानं उलटली, बेरीज केली,
पुन्हा बेरीज केली.
हे तर चिमणीचं खाणं झालं, बाई.
मग साखर येते कुठून?
मी म्हटलं, चमच्या-चमच्यानं.
ती हसली नाही. बुधवार कुठाय, म्हणाली.

बुधवारी गॅसची बोट आली नव्हती.
ओल्या लाकडांवर एकशे चाळिसांचं रांधलं,
दिवसभर धूर खाल्ला.
धूर कुठल्या रकान्यात घालायचा
ते तू सांगितलं नव्हतंस, पोरी.

तिच्या कॉलरवर पावाचे कण होते.
पुढचा नंबर पुकारायला ती उठली,
जाता जाता टेबलाचा खण जरासा उघडला,
काहीतरी तोंडात टाकलं,
खण मिटला.