एका कपाचं पातेलं

माझ्या फोनमध्ये ह्यांचं नाव नाही,
'कुंभकोणम' एवढंच लिहिलंय.
अकरा वर्षं रात्री साडेनऊला कुंभकोणम वाजतं,
जेवलीस का विचारतं,
लाइटबिल भरलं का विचारतं,
आणि ठेवून देतं.

आज कुंभकोणम बनियनवर
ओट्याशेजारी उभं आहे
आणि विचारतंय, चहापावडर कुठंय.

चहापावडर कॉफीच्या बरणीत,
कारण कॉफी कुणी पीत नाही.
साखर वरच्या फळीवर, मुंग्यांमुळं.
किल्ली मीटरच्या पेटीमागं.
खिडकीची कडी आधी वर, मग डावीकडं.
मोटर लावली की तीनशे मोजायचे,
तीनशेएकला टाकी सांडते.
हे कधी ठरलं, आठवत नाही.
कुणाला सांगावं लागेल
असं वाटलं नव्हतं.

मी पलंगाच्या मधोमध झोपते.
उजवीकडं घडी न घातलेले कपडे,
डावीकडं बॅटरी, शेंगदाण्याची वाटी, बचत गटाची वही.
परवा ते सगळं उचललं
आणि कडेला आडवी झाले,
मुक्कामाला आलेल्या पाहुणीसारखी.
टीव्ही बारीक आवाजात रात्रभर चालू असतो,
घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.
ह्यांनी बंद केला.
मग फ्रीज, घड्याळ आणि ह्यांचा श्वास
तिन्ही एकदम ऐकू आले.

द्रौपदाकाकू कट्ट्यावरून ओरडल्या,
"मालक आल्यात, चंगळ हाय आता!"
चंगळच. दोन्ही वेळा ताट, दोन भाज्या, गरम भाकरी,
वर तूप वाढताना हसायचं.
तिसऱ्या रात्री मला आठवली
दुधात कुस्करलेली सकाळची भाकरी,
उभ्यानं, पातेल्यातूनच खाल्लेली,
आणि डोळ्यांत पाणी आलं.
कुणाला सांगणार?
नवरा दुकानावर परतला की रडणाऱ्या
आमच्या गल्लीत सात जणी आहेत.
नवरा आला म्हणून रडणारी मी एकटीच.

मोटर लावली. एकशे ऐंशीला हे म्हणाले,
गेटला रंग द्यायला पाहिजे.
टाकी सांडली.
मी काही बोलले नाही.
फार मोठ्यानं काही बोलले नाही.

रात्री दोनला शेजारी हात गेला, तर कुणी नाही.
हे अंधारात ओट्यापाशी,
गॅसचा कॉक चाचपत.
"काय झालं?"
"भट्टी विझली का बघत होतो."
"इथं कुठली भट्टी?"
"व्हय की," म्हणाले,
आणि तरी एकदा वाकून बघितलं.
मग भिंतीला पाठ लावून झोपले,
पाय पोटाशी,
दोन हातांच्या जागेत मावेल असा माणूस.
उशाखाली किल्ल्यांचा जुडगा होता.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं
झोपेतसुद्धा मुठीत.
एवढा मोठा पलंग मी रिकामा केला होता,
ह्यांनी त्यातला पावभागही घेतला नाही.

पाचव्या दिवशी पहाटे चारला
स्वयंपाकघरात दिवा दिसला.
माझंच पातेलं, एका कपाचं.
हे उभ्यानं चहा पीत होते,
दुसऱ्या हातानं गाळणी धुवत.
मला बघितलं आणि चोरासारखे थांबले.
"तिकडं कुणी नसतं ना," म्हणाले,
"दुसरा कप ध्यानातच आला नाही."
मी म्हणाले, माझ्या तरी कुठं येतो.
बशीत अर्धा ओतून दिला.
साखर फार होती. वर आलं, तेही ठेचून, फार.
मी प्याले.
मोठं पातेलं माळ्यावर आहे, दिवाळीला निघतं.
काढू म्हणाले नाहीत, मीही नाही.

आज सकाळी मोटर लावली.
हे दारात आले, बोलायला तोंड उघडलं,
माझे ओठ हलताना बघितले,
आणि तिथंच थांबले, चौकटीला टेकून.
लिंबावर कावळा ओरडत होता.
गल्लीतून दूधवाला गेला.
"तीनशे," हे म्हणाले.
माझे दोनशे ब्याण्णवच झाले होते.
मी बटण बंद केलं.