वरील तिन्ही नावांची व्यक्ती

दवाखान्याच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एका पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
फॉर्म भरून हवा असेल तर वीस,
कन्नडमधला असला तरी वीसच.
माझी शाळा मराठी, पण तीस वर्षं या काउंटरला टेकून
ती गोल अक्षरं मला सापडतात,
नर्सला शीर सापडते तशी, चाचपून.

काचेवर माणसं पालथी पडतात माझ्याकडे:
छातीचे फोटो, रेशनकार्डं, आधार.
सोनं गहाण टाकल्याची पावती
कॉपी करायला कुणी देत नाही,
पण ती असते त्याच पिशवीत
आणि मधूनच निसटून येते.
मी ती उलटी करून परत देतो.

मंगळवारी भरमू कुगजी आला, येळ्ळूरचा.
वडगावात मागावर दुसरी पाळी करतो.
बायकोच्या पित्ताशयात खडे.
मालकाच्या मेव्हण्यानं सात वर्षांपूर्वी गळ्यात मारलेली पॉलिसी.
म्हणाला, दिवाळी चुकली एकदा, हप्ता नाही.

मंजुरी सकाळी दहाला येणार होती.
दुपारी म्हणाले, सर्व्हर.
संध्याकाळी सहाला एक ओळ आली
आणि सहानंतर खाटेचा पुढचा दिवस लागतो.

ओळ मी वाचून दाखवली: नाव जुळत नाही.
रेशनकार्डावर यल्लव्वा.
आधारवर येल्लुबाई.
पॉलिसीत, एजंटाच्या कानाला ऐकू आलं तसं, एलूबाय.
"काय म्हणूलेत रे ते?"
म्हटलं, खडे एकीचे, विमा दुसरीचा,
आणि तांदूळ उचलते ती तिसरीच.
तो हसला नाही. मीही उगाच बोललो.

खाली आणखी एक पान होतं,
मंजूर झालंच तरी काय मिळणार नाही त्याचं.
हातमोजे: अमान्य. कापूस: अमान्य.
डोक्याची टोपी: अमान्य.
म्हणजे उघड्या हातानं, मोकळ्या केसांनी
फाडायची होती बाईला.

रांगेतला एकजण म्हणाला, कोल्हापूरला न्या की,
तिकडची योजना आहे आपल्या गावांना.
भरमूचा साडू गेला होता गेल्या वर्षी.
कोगनोळी नाका ओलांडला की विचारतात, कार्ड कुठलं,
परत आलं की विचारतात, मग तिकडंच का नाही गेलात.
त्यात त्याचं अपेंडिक्स फुटलं,
निपाणीच्या अलीकडं की पलीकडं,
ते त्याला अजून सांगता येत नाही.

मला हर्निया आहे.
पट्टा बांधून रिमचे गठ्ठे उचलतो.
इतकी बिलं वाचल्यावर
माणूस आजारी पडायला धजत नाही.

शेवटी रोख भरले. कुठून, ते विचारलं नाही.
ऑपरेशन झालं, आणि शनिवारी दोघं दुकानात आली,
ती पोटावर हात धरून, कान मोकळे.
पैसे मागून तरी मिळतात का बघायचं,
त्यासाठी शंभरच्या बाँडवर लिहून द्यायचं होतं.
वकिलाचा मजकूर ठरलेला असतो, मी टाईप केला,
कन्नडमधून, कारण शिक्का मारणारा तेवढंच वाचतो.

भरमू सुट्टे मोजत होता.
यल्लूबाई म्हणाली, सही करायच्या आधी
आपल्या भाषेत सांग, काय लिहिलंस.

वाचलं: "मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर सांगते की
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मी आहे."

पंखा फिरत होता, पानं उडू नयेत म्हणून
तिनं औषधाची बाटली ठेवली त्यांवर.
मागं दोघं-तिघं खोळंबले होते.

"शेवटचं तेवढं," ती म्हणाली,
"परत वाच."