माथा, कंबर, पायथा

रबाळ्याच्या प्रयोगशाळेत
तीन कापडी पिशव्या आल्या,
तोंडाशी सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी:
माथा. कंबर. पायथा.
खाली सही, सुधन्वा ढिकले, द्राक्षबागाईतदार,
आणि पेन्सिलीने एक ओळ:
ताई, एकाच डोंगराची, एकाच वेलाची पांढरी वाईन,
तीन जागी तीन तऱ्हेची लागते. का ते कळवा.

मी माती वाळवली, कुटली,
दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली.
माथ्याची बरीचशी चाळणीवरच राहिली:
मुरूम, आणि एका दगडाच्या पोटात
स्फटिकांची पांढरी दाढ.
कंबरेची तांबूस, मुठीत धरली की सुटणारी,
भांडण मिटवून आलेल्या माणसासारखी.
पायथ्याची काळी. ओली केली
तर बोटं सोडेना.

सामू, क्षारता, चुनखडी, पालाश.
रकाने भरले. आकड्यांत म्हणावा तसा फरक नव्हता.
फोनवर तसं सांगितलं.
"मग चव येते कुठून?" ढिकले म्हणाले.
मी खिडकीबाहेर पाहिलं.

खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर आहे,
म्हणजे उरला तेवढा आहे,
एका अंगाने सरळ कापलेला,
खरवस कापावा तसा.
त्याचा उतार आता सीवूडसच्या स्लॅबमध्ये आहे,
कोपरखैरण्याच्या जिन्यात, पामबीचच्या रस्त्याखाली,
सगळा सपाट.
बाबा तिथे सुरुंगाची भोकं पाडायचे.
भोकातली भुकटी जिभेला लावायचे,
थुंकायचे, आणि सांगायचे
आज दारू जास्त लागेल की कमी.
आमच्या घरात दारू हा शब्द
कित्येक वर्षं
फक्त डोंगर फोडायचा होता.

अहवालाच्या शेवटी, जिथे शेरा लिहितात,
मी जरा जास्तच लिहिलं:
दगड पेल्यात उतरत नाही.
उतरतं ते पाण्याचं निघून जाणं.
माथ्यावर पाणी टेकत नाही,
मुळाला फटीतून हात घालत
खाली खाली जावं लागतं,
म्हणून मणी बारका, साल जाड,
आंबटपणा ताठ.
पायथ्याला सगळं आयतं येतं,
पाणी, गाळ, वरच्यांची वाहून गेलेली माती.
वेल पानांनी माजतो आणि रस सैल होतो.
कंबरेचं मला नीट सांगता येत नाही.
तिथे दोन्ही असावं.

साहेबांनी शेरा खोडला. तरी मी तो फोनवर वाचून दाखवला.

पुढच्या वर्षी खोकं आलं. तीन बाटल्या,
लेबल नाही, फक्त खडूच्या खुणा.
घणसोलीला ओट्यावर बाबा बसलेले,
डॉक्टर म्हणतात फुप्फुसांत दगडाची पूड आहे.
दगड पेल्यात उतरत नाही, मी लिहिलं होतं.
माणसात उतरतो,
त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

चहाच्या काचेच्या तीन पेल्यांत
बोटभर, बोटभर, बोटभर.
काही सांगितलं नाही.
पहिल्याला म्हणाले, "गोरं हाय. पानी थांबलंय हितं."
दुसऱ्याला नुसते हसले.
तिसरा घोट त्यांनी जिभेच्या शेंड्यावर धरला,
डोळे बारीक केले, गाल आत ओढले.
मी मुकाट्याने तस्त पुढे सरकवलं, सवयीने.
थुंकले नाहीत.

समोर टॉवरच्या काचांवर ऊन उतरत होतं.
बराच वेळ खोकले. मग विचारलं,
"कंचा डोंगर यो?"
मी नाव सांगितलं.
"उबा हाय अजून?"
"आहे," म्हटलं.

त्यांनी पेला पुढे केला.