तळ दिसणारा रस्सा

शंकरनगरच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याला लागून,
जिथं परवापर्यंत मोबाईलची कव्हरं मिळायची,
तिथं आता फो मिळतो.
पाटीवर एवढंच लिहिलंय : फो.
बाबांनी मान वर करून वाचलं.
‘पुढचं अक्षर पडलं वाटते.’

संध्याकाळचे सात, तरी स्कूटीची सीट चटका देत होती.
आत गुडघ्याएवढी निळी प्लास्टिकची स्टुलं.
एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीवर,
असे हप्त्याहप्त्यानं बसले.
‘अन् उठवनार कोन मले?’

गोळीबार चौकात त्यांचं भोजनालय आहे.
होतं म्हणायला जीभ वळत नाही अजून,
पाटी आहे, शटर खाली आहे.
एकतीस वर्षं तिथल्या तर्रीत
वरच्या ट्यूबलाईटचं तोंड लाल दिसायचं.
फेब्रुवारीत दोन स्टेंट टाकले.
तेल बंद, तिखट बंद, डॉक्टर म्हणाले.
म्हणजे नक्की काय बंद,
हे डॉक्टरांना कळलं नसावं.

वाडगा आला.
तांदळाच्या शेवया, कोंबडीचे चार काप,
वर सांबार, बाजूला लिंबू आणि मोडाचे पांढरे मूग,
आणि खाली, पार खाली,
चिनी मातीवरचं निळं फूल.
‘तळ दिसून राह्यला वं,’
ते हळूच म्हणाले,
कुणाचं न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यासारखे.
‘माह्याकडं पुसून खाल्ल्याबिगर
कोनाले तळ नाई दिसला कधी.’

काड्या त्यांनी ओळीत ठेवून दिल्या.
एक शेवई चिमटीत धरली, उजेडाकडे नेली,
आजोबांच्या मागावर तुटल्या सुताचं टोक शोधायचे
तशीच बोटं.
मग चमचा.
डोळे मिटले.
पहाटे पहिल्या भगोण्यापाशी मिटायचे तसे.
मी पंखा बघत बसले.

‘बाद्यान.’
बराच वेळ काही नाही.
‘कलमी. कांदा जाळला हाय, अद्रक बी.
कोयशावर नाई पन. गॅसवर.’
मग एकदम हाक, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी :
‘बे पोट्ट्या, हाडं कोनती?’

होमराज पवनीचा. चार वर्षं तिकडे,
ह्वे नावाच्या गावात, हॉटेलच्या भटारखान्यात.
हात पुसत आला, थोडा अडखळला.
‘तिकडची हाडं इकडे चालत नाहीत, काका.
बोकडाची नळी घेतो. सोबत कोंबडी.’
‘किती वेळ?’
‘रात्री अकराला चढवतो. सकाळी उतरवतो.’
‘फेस कोन काढते?’
‘मीच.’
‘झोपतं कवा?’
तो हसला फक्त.

थोड्या वेळानं बशीत एक नळी घेऊन आला,
बिलात नसलेली.
माझ्या पर्समध्ये डॉक्टरांची यादी होती.
मी मेनूकार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.
ठक.
ठक.
शेजारची कॉलेजची पोरं मोबाईलमधून वर बघायला लागली.
तिसऱ्या ठोक्याला मगज सुटला,
वाडग्यात पडला, विरघळला,
आणि त्या नितळ पाण्यावर
तेलाचे सात-आठ डोळे उघडले.
बाबा त्यांच्याकडे बघत राहिले.
मग सगळा वाडगा दोन्ही हातांनी उचलून,
निळ्या फुलापर्यंत.

उठवायला होमराज आला. बगलेत हात घालून.
पैसे देताना मी विचारलं, कसं होतं?
‘मीठ कमी.’

लॉ कॉलेजच्या सिग्नलला
पाठीमागून पुन्हा आवाज आला,
हेल्मेटमुळं अर्धाच पोचला :
‘अकराले चढवते म्हने.’
साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.
गरम वारा, कुणाच्या तरी डिकीतून संत्र्याच्या सालीचा वास.
‘मले तशीबी झोप येत नाई.’