आठवा दिवस

नळ आठव्या दिवशी येतो आमच्याकडे.
नेमकी त्याच दिवशी दुर्पता कोवे उपकेंद्रात आली,
दोन गुंड घरी भरून, तिसरा रिकामा सोबत घेऊन.
पट्टीवर दोन रेघा. बराच वेळ पाहत राहिली.
मग म्हणाली, "सिस्टर, एक इचारू?
बकरी जनाच्या आंधी पाणमोट फुटते नं,
केवढं पानी निंगते!
थे भरते कोन? अन् कवा?"

अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
रजिस्टरात याला रकाना नाही.

गोळ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं:
हा एवढा गोळा, खसखशीहून बारीक,
तुझ्या पिशवीच्या अस्तरात रुतला,
आणि आठव्या दिवशी त्याच्या आत
एक फट पडली.
आपल्या काळ्या रानात पडते तशी नव्हे.
ती पाणी गेल्यावर पडते,
ही पाणी यावं म्हणून.
मग नदीच्या वाळूत झिरा उकरावा
तसं थेंबाथेंबानं पाझरत गेलं.
भोवती एक पापुद्रा,
संत्र्याच्या फोडीवरचा त्यापुढे गोणपाट वाटेल.

तेव्हा तू वेचणीला होतीस.
पाळीला अजून सहा दिवस होते.
बाळ म्हणावं असं काही नव्हतंच,
एक चपटी चकती,
डोकं कुठे, पाय कुठे, तेही ठरलेलं नाही.
पाणी मात्र आलेलं, तिच्या पाठीवर.
पुढे चकतीच कडांनी वळत गेली
आणि पाणी पोटाकडूनही आलं,
सगळीकडून.

माझ्या पुस्तकात याला उल्बकोश म्हणतात.
तुझा शब्द जास्त बरोबर आहे,
फक्त या मोटेला टाका कुठेच नाही
आणि विहीर तूच.

"मंग नवू महिने तेच पानी?"
नाही गं. नंतर ते पितं,
आणि त्यातच सोडतं.
"मुतते त्याच्यातच? अन् थेच पेते?"
हो.
पदर तोंडाशी नेऊन ती इतकी हसली
की बाकावरची म्हातारी खोकायची थांबली.

गोळ्या दिल्या. तारीख लिहून दिली.
बाहेर नळाखाली भांडी नुसती उभी,
तोटी सूं सूं करत होती.
दुर्पतानं तिसरा गुंड उचलला, रिकामाच,
आणि डोक्यावर न ठेवता
कडेवर घेतला.