एक सूत

कंपनीनं चौदा महिन्यांचा पगार दिला नाही,
लेथ दिली.
हिंगण्याच्या शेडवरचे पत्रे उतरायच्या आदल्या दिवशी
लेखापाल काळबांडे म्हणाले, काय नेता ते न्या, इथं सही करा.
मी हीच नेली. एकोणीस वर्षं हिच्यापुढे उभा होतो.
क्रॉस स्लाइडला अर्धा आटा ढिला,
हँडल उलटं फिरवलं की ती जरा विचार करते,
मग हलते.

तांडापेठेत ट्रक शिरत नाही.
चौकापासून पाइपांवर ढकलत आणली पाच जणांनी,
एप्रिलची दुपार, मऊ डांबरात पाइप रुतत होते,
आणि गुरुदत्त पराते मागून ओरडत होता,
"ढकला बे, वरात हाय का?"

समोरच्या खोलीत बापाचा माग होता.
मागच्या दिवाळीत लाकडाच्या भावात गेला,
खड्डा राहिला.
पाय सोडून बसायचा खड्डा,
काठ घासून घासून गुळगुळीत.
आत त्याचे पाय पावड्या दाबायचे, वर लुगडं वाढायचं.
लहानपणी मला वाटायचं
माझा बाप अर्धाच आहे.

लेथीला पाया लागतो. खड्डा बुजवायचा होता.
म्हातारा काही बोलेल,
निदान उठून आत तरी जाईल, असं वाटलं.
तो दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून म्हणाला,
"त्या कोपऱ्यात ओल येते. तिथं आधी खंगर टाक.
नाही तं सिमेंट उगाच खाईन."
पाच पोती लागली.
ओल्या काँक्रीटमध्ये चार बोल्ट उभे केले, दोरा ताणून.
दोरा घरातच सापडला.

थ्री फेजसाठी अकरा फेऱ्या.
शेजारच्या हेडाऊ काकू विचारून गेल्या, आवाज होईल का?
म्हटलं, मागाएवढाच.
खोटं बोललो.

पहिलं काम आणलं रसवंतीवाल्या चंद्रभान गायधनेनं.
चरकाचा शाफ्ट, बेअरिंगच्या जागी खाल्लेला.
ऊस उन्हात पडून, गिऱ्हाईक समोरच्या गाडीवर चाललेलं,
आजच पाहिजे, भाऊ.
"किती घेशीन?"
एकोणीस वर्षांत माझ्या हाताचा भाव
मला कोणी विचारला नव्हता.
सहाशे म्हणालो,
आणि त्यानं घासाघीस करायच्या आधीच
मीच पाचशे केले.

वेल्डिंगनं जागा भरली, थंड होऊ दिली,
चकात धरला, सेंटर लावलं.
पहिल्या कटला टूल ठेचकाळलं, दुसऱ्याला गायलं.
निळी कात वळत वळत पायाशी पडत होती
तेव्हा बापानं खुर्चीवरूनच विचारलं,
"किती राह्यलं आता?"
"एक सूत."
इंचाचा आठवा भाग, आमच्या भाषेत.
तो स्वतःशीच हसला.
"आमच्याकडं एक सूत कमी भरलं
तं शेठ लुगडं तोंडावर फेके."

संध्याकाळी शाफ्ट चकाकत होता.
मायक्रोमीटर म्हणाला, बरोबर.
बाप उठला, लुंगीला हात पुसले,
चकातल्या शाफ्टवरून बोट नेलं, इकडून तिकडे,
जिथं थांबलं तिथं पुन्हा मागे घेतलं.
"गाठ हाय इथं."
"लोखंडाला गाठ नसते, बाबा."
"पाहून घे."
डायल लावला. हातानं चक फिरवला.
काटा हलला,
दोन शतांश मिलिमीटर.
होती.

गायधने पाचशे आणि पिशवीतून रस देऊन गेला,
रसात बर्फ फार होता.

रात्री झाडताना कातीचा वेटोळा बापानं उचलला,
बोटांवर गुंडाळून पाहिला, सवयीनं.
तुटला.
"याची लडी होत नाही," म्हणाला, आणि टोपलीत टाकला.

सकाळी शटर उघडलं तर खुर्ची
उंबऱ्याच्या आत आली होती, वीतभर.
म्हटलं, मागे घ्या, डोळ्यात उडते.
तो हलला नाही.
"तुह्या डोळ्यावर हाय तो चष्मा
आणखी एक हाय का?"