एकोणतीस पॉइंट चार

डॉक्टर शिलोत्रींनी कागदावर डोळा काढला,
अंड्यासारखा, मागे लांबट.
"इतरांचा तेवीस-चोवीस मिलिमीटर.
तुमचा एकोणतीस पॉइंट चार."
रबाळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी
पाच मायक्रॉनसाठी माल नापास केला.

"इंजेक्शन दिलं की डोळा बधिर, हलत नाही.
तुम्हाला बरं, मलाही बरं.
पण सुई कडेनं मागे जाते,
आणि लांब डोळ्याची भिंत पातळ."
पुढचं वाक्य त्यांनी पेनाच्या टोकानं पुरं केलं:
कागदाला भोक.

"नुसते थेंब घातले तर सुई नाही.
पण तुम्ही टक्क जागे. मान हलली, खोकला आला, तर…"
म्हणजे इकडे त्यांचा हात, तिकडे माझी मान.

दिवाळ्याचा तांडेल म्हणाला, इंजेक्शनच घे.
त्याचं स्वतःचं ऑपरेशन टेबलावरच रहित झालेलं,
डोळ्यामागं रक्त साकळलं, पापणी वांग्यासारखी.
महिन्यानं पुन्हा गेला, पुन्हा सुई.
मग दिवाळीपर्यंत सगळं दोन-दोन;
वाशीच्या खाडीवर आधीच पुलांची दाटी,
त्याला ते दुप्पट.
"दुखलं मात्र नाही हां," हे तो अजून
छाती काढून सांगतो.

कुंदा म्हणाली, तुम्ही झोपेत लाथा मारता.
म्हटलं, झोपायचंच नाहीये, हीच तर भानगड.

थेंब.
सेक्टर सतरा, दुसरा मजला. तोंडावर हिरवं कापड,
कापडाला खिडकी, खिडकीत मी.
"दिव्याकडे बघा."
दिवे तीन होते. कुठल्या, ते आधी विचारायला हवं होतं.
मग तिन्ही विरघळले.
पाणी कानाकडे ओघळलं,
आणि डोळ्याच्या तळाशी कुणीतरी
बादली खेचावी तशी ओढ बसली.
दुखलं. खोटं कशाला बोलू.
ठरल्याप्रमाणे बोट उचललं.
गायकर सिस्टरनी ते बोट धरलं, सोडलं नाही.
"लांब डोळ्यात होतं असं," डॉक्टर म्हणाले,
हे कागदावर काढायचं राहिलं होतं.
आत आणखी थोडं औषध.
तेवढ्यात घशात खवखव.
मी श्वास पॉइंट शून्य एक, पॉइंट शून्य एक
करत आत घेतला.

पुढच्या महिन्यात डावा.
"थेंब की इंजेक्शन?" हातात तेच पेन.
म्हटलं, आधी ते खाली ठेवा.
मग लांबी सांगा.